मदतीचे मेसेज पुढे पाठवताना या चुका टाळा

‘लग्नकार्यात जेवण उरलं तर १०९८ वर फोन करा, माणसं येऊन घेऊन जातील.’ हा मेसेज तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. तो साफ खोटा आहे. १०९८ ही संकटात सापडलेल्या मुलांची हेल्पलाइन. १९९६ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून चाइल्डलाइन सुरू झाली. आता हा नंबर सरकारी यंत्रणा चालवते. हरवलेलं मूल, मारहाण, बालमजुरी, ठरवलेला बालविवाह, यासाठी तो आहे. आम्ही अन्न गोळा करत नाही, असं चाइल्डलाइनने वारंवार सांगूनही मेसेज फिरतच राहिला. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण पुलावाच्या पातेल्यासाठी केलेल्या फोनने एखाद्या घाबरलेल्या मुलाची लाइन अडते. अन्न द्यायचंच असेल तर जवळच्या वसतिगृहाशी किंवा अन्नदान करणाऱ्या संस्थेशी कार्याच्या आधीच बोलून ठेवा.

ओळखीचं नाव दिसलं की लगेच पैसे पाठवणं, ही दुसरी चूक. मार्च २०२० मध्ये पीएम केअर्स निधी जाहीर झाला आणि ‘केअर्स’मधला शेवटचा ‘एस’ गाळलेला बनावट यूपीआय आयडी फिरू लागला. फॉरवर्डमधला क्यूआर कोड वापरू नका. संस्थेच्या संकेतस्थळावरचा घ्या आणि पिन टाकण्याआधी खातेदाराचं नाव वाचा. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब तक्रार करा.

मला सर्वांत जास्त त्रास होतो तो तिसऱ्या चुकीचा: ‘सगळेच चोर’ म्हणून हात आखडता घेण्याचा. ३० जुलै २०२४ ला वायनाडमध्ये दरडी कोसळल्या. माणसांचा शोध चालू असतानाच केरळच्या मुख्यमंत्री मदतनिधीविरुद्ध खोट्या पोस्ट पसरल्या, आणि पोलिसांना गुन्हे नोंदवावे लागले. अशा वेळी देणारा गप्प बसतो आणि त्याची झळ घर गमावलेल्याला बसते.

शंका जरूर घ्या, पण ती तपासून मिटवा. नोंदणी क्रमांक मागा. महाराष्ट्रातला न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंद आहे का ते पाहा. लेखापरीक्षण अहवाल आणि ८०जी प्रमाणपत्र (देणगीवर करसवलत मिळण्यासाठीचं) मागायला संकोच नको. नीट काम करणाऱ्या संस्थेला हे प्रश्न नवे नसतात.

खोटा मेसेज तुमच्याकडून गेलाच असेल तर नुसता डिलीट करू नका. ज्यांनी तो वाचला त्यांनी पुढेही पाठवला असेल, म्हणून त्याच ग्रुपवर ‘हे खोटं होतं’ असं स्पष्ट लिहा आणि सोबत खरी माहिती द्या.