घटपर्णीची कुंडी कशाने भरावी?

नर्सरीतून आणलेली घटपर्णी (नेपेंथिस, पानांच्या टोकाला धरलेल्या घटांत किडे पकडणारं झाड) दोन-तीन महिन्यांत गेली की पाणी जास्त झालं, असं म्हणून विषय संपतो. पण तेवढंच पाणी भुसभुशीत मिश्रणात घातलं असतं तर झाड जगलं असतं. मुळांशी ओल हवी आणि त्याच वेळी हवाही खेळायला हवी. मिश्रण निवडताना सगळा खटाटोप या दोन गोष्टी एकत्र जमवण्याचा असतो.

आधी मुळं ओळखा. घटपर्णीची मुळं बारीक, ठिसूळ आणि काळी असतात. काळी आहेत म्हणजे सडली, असं समजून ती कापून टाकू नका. निरोगी मुळांचा रंगच तो, फक्त वाढती टोकं फिकट असतात. सडलेलं मूळ चिमटीत धरून ओढलं की साल सुटून हातात येते, आत दोऱ्यासारखा तंतू उरतो आणि कुजका वास येतो.

घटपर्णीच्या कितीतरी जाती झाडांच्या फांद्यांवर शेवाळ-पाचोळ्यात, नाहीतर निकस, आम्लधर्मी जमिनीत वाढतात. भारतात रानात आढळणारी एकमेव जात, मेघालयातली नेपेंथिस खासियाना, तिथल्या डोंगरउतारांवर अशाच जमिनीत रुजते. (ती संरक्षित आहे. रानातून उपटलेलं रोप कुणी देऊ केलं तर घेऊ नका.) नत्राची गरज घटात पडलेल्या किड्यांतून भागते, मुळांना श्रीमंत मातीची सवय नसते. म्हणून लाल माती, शेणखत, गांडूळखत, निंबोळी पेंड, हाडांचा चुरा, काहीही घालू नका, चिमूटभरसुद्धा नाही.

दुसरी चूक कीटकभक्षी वनस्पतींना एकाच मापाने मोजण्याची. कास पठारावरची सीतेची आसवं किंवा दवबिंदू पावसाळ्यात पाण्याने निथळणाऱ्या जमिनीत फुलतात. तसल्या झाडांची कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवतात. घटपर्णीला ताटलीतलं पाणी मानवत नाही.

आता घटक. पाया लांब धाग्यांच्या वाळलेल्या स्फॅग्नम मॉसचा, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या शेवाळाचा. चांगल्या प्रतीची 150 ग्रॅमची वीट भिजल्यावर दहा-बारा लिटर फुगते. 6 इंची कुंडीला एकूण मिश्रण लागतं दीड ते दोन लिटर, त्यामुळे महाग वाटली तरी एक वीट बरीच पुरते. धागे हातभर नसले तरी चालतील, पण भुकटी झालेलं स्वस्त मॉस घेऊ नका. ते महिनाभरात बसतं आणि चिखल होतो. पीट मॉसचंही (दलदलीत कुजलेल्या मॉसचा भुगा) तेच. दुसऱ्या कशात थोडं मिसळलं तर ठीक, नुसतं वापरलं तर आपल्या उन्हाळ्यात ते खाली दलदल आणि वर कोरडी पपडी अशा अवस्थेला जातं.

कोकणात, गोव्यात हाताशी असते ती नारळाची सोडणं. त्यांचे 1 ते 2 सेंटिमीटरचे तुकडे हे उत्तम आणि स्वस्त साहित्य आहे, मात्र त्यात मीठ असतं. सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवलेली असतील तर फारच. तुकडे बादलीत एक दिवस भिजवा, पाणी ओता, पुन्हा भरा. असं चार-पाच वेळा. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, पीपीएममध्ये) मोजायचं पेन असेल तर घातलेलं पाणी आणि निथळलेलं पाणी यांच्या आकड्यांत 50 पीपीएमपेक्षा कमी फरक राहीपर्यंत धुवा. कोकोपीट हा त्याच सोडणाचा भुगा. बहुतेक रोपं त्यातच विकायला येतात, पण तो घट्ट बसतो. नव्या मिश्रणात तो न घातलेलाच बरा.

हवेसाठी परलाइट, म्हणजे तापवून फुगवलेल्या ज्वालामुखी खडकाचे पांढरे, हलके दाणे. तीन-चार मिलिमीटरचे दाणे घ्या आणि पोतं उघडल्यावर आधी पाणी शिंपडा, धूळ नाकात जाते. ऑर्किडसाठी मिळणारी पाइनची साल चालते, भुगा चाळून टाका. लाकडी कोळशाचे वाटाण्याएवढे तुकडे धुऊन घाला. राख मात्र अजिबात नको, ती अल्कधर्मी असते. वाळू घालायचीच असेल तर चमचाभर वाळूवर व्हिनेगर टाकून पाहा. बुडबुडे आले तर तिच्यात चुना आहे. समुद्राची वाळू तर शंखशिंपल्यांनी आणि मिठाने भरलेली, तिचा विचारच सोडा.

प्रमाण सगळीकडे एक नसतं. (मापं आकारमानाने, एकाच मगाने मोजा, मॉस भिजवून पिळल्यावर मोजा.) सर्वसाधारण मिश्रण: 2 भाग मॉस, 1 भाग परलाइट, 1 भाग सोडणाचे तुकडे किंवा साल. पुणे, नाशिक, नागपूरकडे मार्च ते मे हवा कोरडी ठक्क असते, तिथे मॉस 3 भाग करा. मुंबई-कोकणात, विशेषतः पाऊस थेट लागणाऱ्या गॅलरीत, उलटं करा: 1 भाग मॉस, 1 भाग परलाइट, 2 भाग तुकडे, अर्धा भाग कोळसा. आणि हात सारखे पाण्याकडे जात असतील तर गाव कुठलंही असो, हे मुंबई-कोकणाचं मिश्रणच घ्या.

कुंडी प्लास्टिकची, बुडाला भरपूर भोकांची. मातीच्या कुंडीच्या भिंतींत क्षार साचतात आणि कडेची मुळं सुकतात. आकार मुळांच्या गोळ्यापेक्षा इंच-दीड इंच मोठा, जास्त नको. रिकामं मिश्रण नुसतं ओलं राहून आंबतं.

कुंडी बदलायला पाऊस स्थिरावल्यानंतरचे दिवस चांगले, एप्रिल-मे टाळा. मॉस अर्धा तास भिजवा आणि पिळा. मुठीत दाबल्यावर चार थेंब पडावेत, धार लागू नये. बाकीचे घटक ओलसर करून हाताने मोकळं कालवा. रोप जुन्या कुंडीतून काढून सैल कोकोपीट बोटांनी झटका, मुळांत गुंतलेलं तसंच राहू द्या. ते सोडवताना जेवढी मुळं तुटतात तेवढा त्या कोकोपीटचा त्रास नसतो. मधोमध धरून चारी बाजूंनी मिश्रण सोडा, कुंडी दोन-तीनदा हलकी आपटा. अंगठ्याने दाबू नका. शेवटी लिटरभर पाणी ओता: दहा-पंधरा सेकंदांत बहुतेक पाणी खालून गेलं पाहिजे. वर तळं साचलं तर मिश्रण घट्ट आहे, आत्ताच काढून परलाइट वाढवा.

नंतर दोन आठवडे सावलीत. जुने घट वाळतील, ते अपेक्षित आहे. नवीन पानाच्या टोकाला घट धरत नसेल तर आधी उजेड आणि हवेतली आर्द्रता तपासा. मिश्रणाचा दोष त्यात क्वचितच असतो.

पाणी पावसाचं किंवा आरओचं, 50 पीपीएमच्या आत. विंधनविहिरीचं पाणी घातलं तर मॉसवर पांढरी पूड धरते आणि वर्षाच्या आत ते काळं, बुळबुळीत होतं. पूड दिसू लागली की कुंडीच्या तिप्पट आकारमानाचं स्वच्छ पाणी सावकाश ओतून क्षार धुऊन काढा. वरचं मॉस हिरवं झालं तर घाबरू नका, पण त्यावर चिकट थर आला तर तेवढा काढून नवीन टाका. खत द्यायचंच असेल तर हळू विरघळणाऱ्या खताचे एक-दोन दाणे उघड्या घटात सोडा, मिश्रणात नको.

मॉस दीड ते दोन वर्षं टिकतं, सोडणाचे तुकडे थोडे जास्त. कुंडीच्या बाजूला भरल्याची तारीख मार्करने लिहून ठेवा. मध्येच शंका आली तर कडेने बोट दोन इंच आत घालून वास घ्या: जंगलातल्या ओल्या पाचोळ्यासारखा असेल तर राहू द्या, गटारासारखा आला तर तारीख न बघता कुंडी बदला.