लॅग असताना डॉगफाइट कशी लढावी

मुंबई ते फ्रँकफर्ट सरळ अंतर सुमारे 6,500 किलोमीटर. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन 65 मिलिसेकंद लागणारच. केबल वळणावळणाने जाते, त्यामुळे प्रत्यक्षात याच्या दुपटीच्या आसपास. युरोपातल्या सर्व्हरवर डीसीएस किंवा आयएल-2 हे लढाऊ विमानांच्या झुंजीचे (डॉगफाइट) खेळ खेळताना एवढा उशीर (लॅग) धरूनच चालावं. त्रास देतो तो उशिरातला चढउतार.

आधी मोजा. सर्व्हरला 100 वेळा पिंग करा, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला लागणारा वेळ पाहा. विंडोज आपणहून 4 वेळा करतं, त्यातून काही कळत नाही. सरासरी 150 मिलिसेकंद चालेल. पण सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकड्यांत 40 हून अधिक फरक असेल किंवा पॅकेट (माहितीचे तुकडे) गहाळ होत असतील, तर घरच्या राउटरला पिंग करून पाहा. वायफायवर तिथेच आकडा 2 वरून 40 वर उड्या मारत असेल तर इथरनेट केबल लावा. राउटरपर्यंत ठीक असेल, तर फोटोंचा बॅकअप आणि इतर अपलोड थांबवा.

आता विमान. पडद्यावरचं शत्रूचं विमान हा तुमच्या संगणकाचा अंदाज असतो. शेवटच्या पॅकेटमधली जागा आणि वेग धरून तो ते पुढे सरकवतो. याला डेड रेकनिंग म्हणतात. 1980 च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या सिमनेटमध्येही हेच होतं. सरळ उडणाऱ्या विमानाबाबत अंदाज सहसा चुकत नाही. 6 जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या सहापट जोराच्या) वळणात, अंदाज सरळ रेषेचा असेल, तर 0.2 सेकंदात चूक जेमतेम सव्वा मीटर; पण पॅकेट अडकून अर्धा सेकंद गेला की सात मीटरच्या वर. स्पिटफायर या लढाऊ विमानाची लांबीच 9 मीटर! चूक वेळेच्या वर्गाने वाढते, म्हणून स्थिर 180 पिंग हे उड्या मारणाऱ्या 90 पेक्षा बरं.

म्हणून सिझर्समध्ये (दोन्ही विमानं आलटून पालटून वळत एकमेकांच्या मागे जायला पाहतात त्या डावात) शत्रूने दिशा पालटताच गोळ्या झाडू नका. तुमच्या पडद्यावर तो क्षणभर जुन्या बाजूला जातो आणि मग झटक्याने जागेवर येतो. पंख नव्या कलावर स्थिरावले की 150-200 मीटरवरून छोटा बर्स्ट द्या. पिंगसाठी जास्तीचा लीड (लक्ष्याच्या पुढे धरलेला नेम) द्यावा का? ते खेळावर अवलंबून. मित्राला एकसारख्या वळणात ठेवून पडद्यावर दिसतं त्याच हिशेबाने नेम धरा. नुकसान नोंदलं, तर नेमबाजाच्या संगणकाचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं; जास्तीचा लीड नको.

समोरासमोरचा हल्ला मात्र टाळाच. दोघेही ताशी 500 किलोमीटरने येत असतील तर अंतर सेकंदाला 280 मीटरने घटतं. तुम्हाला 20 मीटर फट दिसते, तेव्हा त्याच्या पडद्यावर टक्कर झालेली असू शकते. 800 मीटरवरच बाजूला व्हा. हातात तीन सेकंदही नसतात.