पेशीचक्र शिकवायचं तर बाजाराच्या दिवसापासून सुरुवात करा

पेशीचक्राचा तक्ता फळ्यावर काढून जी-१ (वाढ), एस (डीएनएची नक्कल), जी-२ (विभाजनाची तयारी), एम (विभाजन) असं पाठ करून घेऊ नका. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. सात-आठ वर्षं मी तेच केलं. पोरं मार्क आणायची, पण पेशीनं विभागायचं कधी आणि थांबायचं कधी हे कोण ठरवतं, असं विचारलं की वर्ग गप्प. आता मी आतड्यापासून सुरुवात करते.

आमचा बाजार बुधवारी. सकाळीच खाटकाकडून बोकडाच्या लहान आतड्याचा वीतभर तुकडा आणा, लगेच थंड मिठाच्या पाण्यात टाका आणि पहिल्याच तासाला काढा. पहिल्या वर्षी मी तो दुपारपर्यंत तसाच ठेवला, तर अस्तर शेंबडासारखं सुटून आलं, दाखवायला काही उरलं नाही. तुकडा कात्रीनं उभा चिरा, हलक्या हातानं धुवा, आतली बाजू वर करून मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी ताणा आणि वर बोटभर पाणी ओता. पाण्यात ते मखमलीसारखं उठतं. भिंगातून पाहिलं की मिलिमीटरच्या आतबाहेर उंचीची, बोटांसारखी टोकं हलताना दिसतात. हेच व्हिलाय.

त्यांच्या बुडाशी खळग्या असतात, क्रिप्ट म्हणतात त्यांना. त्या भिंगात दिसत नाहीत, फळ्यावर काढा. विभाजन चालतं ते फक्त खळगीत. तळाच्या मूलपेशींपासून झालेल्या बहुतेक पेशी वर सरकतात, सरकता सरकता विभागणं सोडून शोषणाच्या कामाला लागतात आणि ३ ते ५ दिवसांत शेंड्यावरून गळून पडतात. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, मंग आपलं आतडं दर हप्त्याले नवं होते का?" अस्तर नवं होतं, स्नायूची भिंत नाही. हे तिथल्या तिथे सांगा.

प्रत्यक्ष विभाजन दाखवायला कांदा. वाळकी मुळं खरडून, बूड पाण्याला टेकेल असा तो ग्लासावर ठेवा, पाणी रोज बदला. मुळं फुटली की टोकं कापून एक भाग ॲसिटिक ॲसिड, तीन भाग अल्कोहोलमध्ये दिवसभर ठेवा. मग ॲसिटोकारमाइनमध्ये सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाकून गरम करा, उकळू देऊ नका. फक्त गडद रंगलेलं टोक स्लाइडवर घ्या, कव्हरस्लिप ठेवून अंगठ्यानं सरळ दाबा, अंगठा सरकू देऊ नका. टोकाशी गुणसूत्रं ओढली जाताना दिसतात. जरा मागच्या लांबट पेशींत काहीच नाही. खळगीतही तसंच, पेशी कुठे आहे यावर सगळं ठरतं.

ते कसं, हे समजवायला पाट घ्या. गेटाजवळच्या वावराला पाणी भरपूर, टेलच्या वावराला नाही. खळगीच्या तळाशी विंट नावाचा संकेत असाच भरपूर असतो. मूलपेशींना खेटून बसलेल्या पॅनेथ पेशी आणि अस्तराखालच्या पेशी तो सोडतात. त्यानं पेशीत बीटा-कॅटेनिन नावाचं प्रथिन साचतं, सायक्लिन नावाची प्रथिनं वाढतात आणि सायक्लिन व सीडीके या एन्झाइमची जोडी पेशीला जी-१ मधून एस मध्ये ढकलते. वर जावं तसा विंट विरळ होतो, विभाजनाला आवर घालणारा बीएमपी हा संकेत वाढतो. सीडीके आणि सायक्लिनच्या शोधाला २००१ चं नोबेल मिळालं, हेही सांगा.

पेशीचक्रातला तपासणी नाका (चेकपॉइंट) समजवायला जिनिंगचं गेट पुरतं: कापसाचा ओलावा मोजल्याशिवाय गाडी आत जात नाही. डीएनएला इजा असेल तर पी-५३ प्रथिन पेशीला तसंच अडवतं. दुरुस्ती झाली तर सोडतं, नाही तर पेशी मरते.

बीटा-कॅटेनिन मोडणारं एपीसी प्रथिन बिघडलं, तर टेललाही पाणी सुरू. पेशी वर गेली तरी विभागतच राहते, मोठ्या आतड्यात पॉलिप, म्हणजे पुढे कर्करोग होऊ शकेल अशी अस्तरावरची गाठ, होतो. इथे घाई करू नका.

याच तासाला एका मुलीनं विचारलं, केमो घेतल्यावर बाबांचं तोंड का येतं, जुलाब का होतात? केमोची बरीच औषधं विभागणाऱ्या पेशींवर पडतात, त्यात तोंडाच्या अस्तरातल्या आणि खळगीतल्या पेशीही सापडतात. दोन डोसांत अंतर ठेवायचं एक कारण हेच, की तेवढ्यात उरलेल्या मूलपेशी अस्तर पुन्हा भरून काढतात. तिला मी फळ्यापाशी बोलावलं, आणि ते अस्तर तळापासून वर तिनंच खडूनं भरत नेलं.