क्वीन ऐकायला बसताना

भाचीचा मेसेज आला, "आत्या, क्वीन ऐकायचंय. कुठून सुरू करू?" क्वीन म्हणजे लंडनचा रॉक बँड. तिला जे पाठवलं तेच जरा नीटनेटकं करून लिहितेय.

पहिलं म्हणजे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यापासून सुरू करू नकोस. मी तेच केलं होतं. १९९२ साली, अकरावीत असताना, एका दुकानातून कॅसेट भरून घेतली. दुकानदाराने टेपचा इंच न् इंच वापरला, त्यामुळे हे गाणं ऐन 'गॅलिलिओ'च्या आरोळ्यांत खट्ट करून बंद पडायचं. गाणं ५ मिनिटं ५५ सेकंदांचं. माझ्यापुरतं ते दीड वर्ष तिथेच संपत होतं, आणि मला ते तसंच असतं असं वाटायचं!

तू सुरुवात कर 'वी विल रॉक यू'ने. मोबाइलच्या स्पीकरवर नको, हेडफोन लाव. १९७७ चं गाणं. यात ड्रम नाहीत. दोनदा पाय, एक टाळी आणि मग एक मोकळी जागा. बारा वर्षं पथकात ढोल वाजवतेय म्हणून सांगते, सगळी गंमत त्या मोकळ्या जागेत आहे. नवीन पोरं तिथेच गडबडतात, हात राहवत नाही त्यांचा. बँडचा गिटारवादक ब्रायन मे, त्याला हे गाणं सुचलं ते एका कार्यक्रमानंतर प्रेक्षक आपणहून गायला लागले म्हणून. लोकांना उभ्या उभ्या काय करता येईल? पाय आपटता येतील, टाळ्या वाजवता येतील, गाता येईल. स्टुडिओत मूठभर माणसांनी फळ्यांवर पाय आपटले आणि तेच आवाज थोडे थोडे मागेपुढे करून एकावर एक चढवले. ब्रायन मुळात भौतिकशास्त्राचा, पुढे २००७ मध्ये खगोलशास्त्रात पीएच.डी. मिळवलेला. गिटार येते थेट शेवटी. तिची वाट बघ.

मग 'लाइव्ह एड', म्हणजे दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी झालेल्या मोठ्या मैफलीतला क्वीनचा कार्यक्रम. १३ जुलै १९८५, लंडनचं वेम्ब्ली स्टेडियम, साधारण २१ मिनिटं. हे ऐकू नकोस, बघ. आणि एकदा फक्त गर्दीकडे बघ. 'रेडिओ गागा' या गाण्याला सगळ्यांचे हात डोक्यावर जाऊन एकदम दोन टाळ्या पडतात. भर उजेडात, बहुतेकांनी दुसऱ्याच कुणासाठी तिकीट काढलेलं असताना. पुढे गायक फ्रेडी मर्क्युरी नुसतं 'ए-ओ' म्हणतो आणि लोक तसंच परत देतात. आपल्याकडे कीर्तनकार टाळकऱ्यांकडून म्हणून घेतो ना, अगदी तसं.

फ्रेडीचं पाचगणीचं शिक्षण तुला कुणीतरी सांगेलच. खरं आहे ते. मूळ नाव फारुख बलसारा, जन्म झांझिबारचा, पारशी घरातला, सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तिथल्या पोरांच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा. पण म्हणून लगेच 'आपला फ्रेडी' करू नकोस. बँड लंडनचा.

आता एकेकाला वेगळं काढून ऐक. बाकीचे सगळे फ्रेडीच्या मागे लागतात, तू बेस गिटार वाजवणाऱ्या जॉन डीकनपासून सुरुवात कर. सगळ्यात गप्प माणूस, पण 'अनदर वन बाइट्स द डस्ट' त्याचं. त्यातला बेस पोटात ऐकू येतो. ब्रायनची गिटार ऐकताना एवढंच लक्षात ठेव, की ती त्याने वडिलांच्या मदतीने घरी बनवली, तिची मान घरातल्या शेकोटीवरच्या जुन्या फळीच्या लाकडातून. आणि वाजवतो सहा पेन्सच्या नाण्याने. आवाजाला जी धार आहे ना, ती तिथली.

यानंतर 'अ नाइट अॅट दि ऑपेरा', १९७५ चा अल्बम. अख्खा, क्रम न मोडता, रात्री, दिवे घालवून. 'द प्रॉफेट्स साँग'मध्ये मध्येच वाद्यं गळून पडतात आणि फ्रेडी एकटा उरतो. एका कानात म्हटलेली ओळ क्षणभराने दुसऱ्या कानातून परत येते, तोवर तो पुढची म्हणत असतो. स्वतःशीच जुगलबंदी. इथे एका कानातला हेडफोन काढून बघ, अर्धा माणूस गायब होतो. 'सीसाइड राँदेव्हू' आवडलं नाही तर पुढे ढकल, मी कुणाला सांगणार नाही.

'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' जवळजवळ शेवटी आहे. आता ऐक. 'गॅलिलिओ' झालं की जोरदार गिटार येईल, मग सगळं हळूहळू निवळत जाईल, आणि अगदी शेवटी ड्रमर रॉजर टेलरचा गाँगवरचा, म्हणजे मोठ्या धातूच्या तबकडीवरचा, एकच टोला. तो पूर्ण विरेपर्यंत थांब, पुढचं गाणं लावू नकोस. मला तो टोला ऐकायला दीड वर्ष लागलं होतं.