एका घरातली तीन मांजरं: कुणाच्या ताटलीत काय आणि किती

संध्याकाळी ताटलीत दाणे पडल्याचा आवाज झाला की तिन्ही मांजरं धावत येतात. पाच महिन्यांचं पिल्लू दोन घास खाऊन खेळायला पळतं. नसबंदीचं ऑपरेशन झालेला सहा किलोचा बोका स्वतःचं संपवून पिल्लाचंही संपवतो. तेरा वर्षांची भाटी नुसता वास घेते, मान वाकडी करून एका बाजूने दाणा चघळते, तो तोंडातून निसटतो आणि ती पाण्याच्या भांड्याकडे वळते. दहा मिनिटांत ताटली चाटूनपुसून लख्ख होते आणि सगळे जेवले असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात पिल्लू अर्धपोटी असतं, बोका दुप्पट जेवलेला असतो आणि भाटीच्या दातांत किंवा मूत्रपिंडात काहीतरी बिघडलंय हे आपल्या ध्यानातच येत नाही.

तिघांच्या गरजा वेगळ्या आहेत, म्हणून तिघांची ताटंही वेगळी हवीत. ती कशी ठरवायची ते इथे क्रमाने दिलंय.

आधी दूध-पोळीचा विषय संपवू

मांजर पक्कं मांसाहारी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याच्या शरीरात पुरेसा तयार होत नाही, तो खाण्यातूनच, मुख्यतः मांस-मासळीतून, यावा लागतो. तो महिनोन् महिने कमी पडला तर डोळ्यातला पडदा खराब होतो आणि हृदयाचा स्नायू पसरून ढिला पडतो. हृदयाच्या या दुखण्याचं आणि टॉरिनचं नातं अमेरिकेत डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी १९८७ साली दाखवून दिलं, आणि त्यानंतर तयार खाद्यातलं टॉरिन वाढवण्यात आलं. गाजर-भोपळ्यातून आपल्याला ‘अ’ जीवनसत्त्व मिळतं, मांजराला मिळत नाही, कारण त्या रंगद्रव्याचं जीवनसत्त्व करण्याची सोय त्याच्याकडे नाही.

दूध-पोळी आणि दूध-भातात यातलं काहीच भागत नाही. शिवाय मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही, म्हणून पातळ शी होते. घरात मांस शिजवायचं नसेल तर पूर्ण आहार असलेलं तयार कॅट फूड आणा, पण मांजराला शाकाहारी करू नका. कुत्र्याचं खाद्यही चालणार नाही, त्यात मांजराच्या गरजेइतकं टॉरिन आणि प्रथिनं असतीलच असं नाही.

वजन करा आणि हात फिरवा

मांजराला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. पिल्लासाठी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. त्यावर टोपली ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि पिल्लू टोपलीत बसवायचं. पिल्लाचं वजन दर आठवड्याला, मोठ्यांचं महिन्यातून एकदा, फ्रिजवर लावलेल्या कागदावर लिहा.

नुसत्या आकड्याने भागत नाही. बरगड्यांवरून हलक्या हाताने बोटं फिरवा. मूठ आवळल्यावर बोटांच्या सांध्यांची हाडं लागतात तशा बरगड्या टोचल्या तर मांजर रोड आहे. आपल्या हाताचा पंजा सरळ पसरल्यावर त्याच्या पाठीवर जसं लागतं तसं लागलं तर वजन ठीक आहे. तळहाताच्या गादीसारखं मऊ लागलं आणि बरगडी दाबून शोधावी लागली तर मांजर जाड आहे.

किती कॅलरी, किती ग्रॅम

मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर मांजराचं किलोतलं वजन तीनदा घेऊन एकमेकांशी गुणा. उत्तराचं वर्गमूळ काढा, त्याचं पुन्हा वर्गमूळ काढा आणि ७० ने गुणा. नुसतं पडून राहायला लागणारी ऊर्जा ती एवढी. ४ किलोसाठी ४ × ४ × ४ = ६४, वर्गमूळ ८, पुन्हा वर्गमूळ २.८३, गुणिले ७० म्हणजे साधारण १९८ किलोकॅलरी.

आता प्रत्येकाच्या स्थितीप्रमाणे याला गुणायचं. ऑपरेशन झालेलं, घरात राहणारं मोठं मांजर १.२ पट, ऑपरेशन न झालेलं १.४ पट, वाढतं पिल्लू साधारण २.५ पट. ४ किलोच्या, ऑपरेशन झालेल्या मांजराला त्यामुळे सुमारे २३८ किलोकॅलरी लागतात. दाण्यांच्या पाकिटावर किलोला ३,७०० किलोकॅलरी लिहिलं असेल तर ग्रॅमला ३.७, म्हणजे दिवसाला ६४ ग्रॅम. यातच ओल्या खाद्याचं ८५ ग्रॅमचं एक पाऊच द्यायचं असेल तर त्याची कॅलरी आधी वजा करा. ती ७० असेल तर दाणे ४५ ग्रॅमच उरतात.

हा हिशोब सुरुवातीपुरता आहे. त्याच वजनाच्या दोन मांजरांची गरज बरीच वेगळी निघू शकते, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी वजन बघून ५ ते १० टक्क्यांनी कमी-जास्त करा. दाणे मात्र वाटीने मोजू नका, काट्यावर मोजा. अंदाजाने घातलेले १० ग्रॅम जास्तीचे दाणे म्हणजे ३७ किलोकॅलरी, दिवसाच्या गरजेचा जवळजवळ सहावा हिस्सा. आपण एक पोळी जास्त खाल्ली तर एवढा फरक पडत नाही, चार किलोच्या जिवाला पडतो. सकाळीच दिवसभराचे दाणे मोजून प्रत्येकाच्या नावाच्या डबीत भरून ठेवले की घरातल्या तीन माणसांनी तीनदा जेवू घालण्याचा गोंधळही टळतो.

पाकिटाच्या मागची बाजू

पुढचं चित्र सोडा, मागे ‘कम्प्लिट’ शब्द शोधा. ‘कॉम्प्लिमेंटरी’ लिहिलं असेल तर ते तोंडी लावणं आहे, जेवण नव्हे. टुनाचे सुंदर तुकडे दिसणारे कितीतरी डबे या दुसऱ्या प्रकारातले असतात. मग वय बघा: ‘ग्रोथ’ किंवा ‘ऑल लाइफ स्टेजेस’ पिल्लाला चालतं, ‘अ‍ॅडल्ट मेन्टेनन्स’ चालत नाही.

दाण्यांवर प्रथिनं ३२ टक्के आणि पाऊचवर ९ टक्के वाचून पाऊच निकृष्ट समजू नका. त्यातलं पाणी काढून तुलना करायची. दाण्यांत १० टक्के पाणी, म्हणजे ३२ भागिले ९०, साधारण ३६ टक्के. पाऊचमध्ये ८२ टक्के पाणी, म्हणजे ९ भागिले १८, तब्बल ५० टक्के. अमेरिकेतल्या पशुखाद्याच्या ‘आफको’ मानकात अशा पाणी वगळलेल्या हिशोबाने मोठ्या मांजराला किमान २६ आणि पिल्लाला ३० टक्के प्रथिनं सांगितली आहेत.

पिल्लू

चार महिन्यांपर्यंत दिवसातून चारदा, सहा महिन्यांपर्यंत तीनदा, आणि वर्षाचं होईपर्यंत पिल्लांचंच खाद्य. आठवड्याला साधारण १०० ग्रॅम वजन वाढतंय ना, हे बघा. दोन आठवडे वजन थांबलं तर आधी जंतांची शी-तपासणी करून घ्या. पिल्लाला नुसता खिमा किंवा नुसतं बोनलेस चिकन घालून वाढवणं ही प्रेमापोटी होणारी मोठी चूक आहे. मांसात कॅल्शियम नगण्य आणि फॉस्फरस भरपूर, त्यामुळे शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं. असं पिल्लू उडी मारायला घाबरतं, लंगडतं, आणि साध्या उडीत त्याचं हाड मोडतं.

गाभण आणि पाजणाऱ्या भाटीलाही पिल्लांचंच खाद्य द्या. पाजत असताना तिची भूक दुप्पट-तिप्पट होते, तिला मोजून घालू नका.

जाड बोका

ऑपरेशननंतर ऊर्जेची गरज साधारण पाव हिश्श्याने घटते आणि भूक मात्र वाढते. म्हणून ऑपरेशनच्या आठवड्यातच ताट कमी करायचं, पोट लोंबायची वाट बघायची नाही.

बोका आज ५.८ किलो आहे आणि हवा ४.५ किलो, असं धरू. हिशोब ४.५ किलोवर करा: २१६ येतात, त्याच्या ०.८ पट म्हणजे सुमारे १७३ किलोकॅलरी. नेहमीचे दाणे एवढे कमी केले तर कॅलरीबरोबर प्रथिनंही कमी पडतात, म्हणून वजन कमी करण्यासाठीचं जास्त प्रथिनांचं खाद्य डॉक्टरांना विचारून आणा. आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का, म्हणजे ३० ते ५८ ग्रॅम उतरले की पुरे.

बोक्याला उपाशी मात्र ठेवू नका. जाड मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर शरीरातली चरबी यकृतात साचते आणि जीव धोक्यात येतो. ‘भूक लागली की खाईल आपोआप’ हा आपला जुना उपाय इथे घातक ठरतो. कोणतंही मांजर २४ तास जेवलं नाही की डॉक्टरांना फोन करा.

बोक्यांचं आणखी एक दुखणं ताटाशी जोडलेलं आहे, लघवी तुंबणं. नुसते दाणे खाणारा, पाणी कमी पिणारा, जाड, घरकोंबडा बोका यात जास्त सापडतो. चार किलोच्या मांजराला खाण्यातलं धरून दिवसाला २०० मिलिलिटरच्या आसपास पाणी हवं. पाऊचमध्ये ते आपोआप जातं. दाण्यांवर कोमट पाणी घाला, पाण्याची रुंद भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा, जेवणाच्या ताटलीपासून लांब. बोका लिटर ट्रेमध्ये पुन्हापुन्हा बसतोय, कण्हतोय आणि लघवीचा थेंब येत नाही, तर बद्धकोष्ठ समजून सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा. ‘युरिनरी’ लिहिलेलं खाद्य स्वतःच्या मनाने सुरू करू नका. मूत्राशयात होणारे स्ट्रुवाइट या प्रकारचे खडे आहारानं विरघळतात, ऑक्झलेट या प्रकारचे विरघळत नाहीत, आणि खडा कुठला हे तपासणीतच कळतं.

म्हातारी भाटी

वय झालं म्हणून प्रथिनं कमी करायची, हा गैरसमज बऱ्याच घरांत आहे. दहा-अकरा वर्षांनंतर कित्येक मांजरांचं पचन मंदावतं आणि अंगावरचं मांस झडू लागतं, म्हणून निरोगी म्हाताऱ्या मांजराला चांगली प्रथिनं लागतातच. ताट बदलण्याआधी रक्त आणि लघवी तपासा, रक्तदाब बघा, दात बघा. भरपूर खाऊनही रोडावत असेल तर थायरॉइडची तपासणी सांगा.

मूत्रपिंडाचा आजार निघाला तर ‘रीनल’ खाद्य येतं. त्यात फॉस्फरस कमी असतो आणि त्याचा उपयोग ठरलेला आहे. पण मळमळ चालू असताना किंवा दवाखान्यात सलाइन लागलेलं असताना ते पहिल्यांदा पुढे करू नका. त्या त्रासाची आठवण त्या वासाला चिकटते आणि मांजर ते खाद्य कायमचं टाकतं. आधी तब्येत स्थिर होऊ द्या. पाऊच पाच मिनिटं कोमट पाण्याच्या वाटीत ठेवा, अंगाइतकं ऊबदार झालं की वास सुटतो आणि म्हातारं नाक जागं होतं. एवढं करूनही रीनल खाद्याला तोंड लावत नसेल तर जे खाईल ते द्या, कारण उपाशी राहणं जास्त वाईट. हे खाद्य पिल्लाच्या तोंडी जाता कामा नये, त्याच्या वाढीला ते अपुरं पडतं.

मधुमेह असेल तर पिष्ट कमी असलेलं ओलं खाद्य बरं. पाकिटावरची प्रथिनं, चरबी, तंतू, राख (म्हणजे खनिजं) आणि पाणी शंभरातून वजा केलं की पिष्ट उरतं. इन्शुलिन चालू असताना मात्र खाद्य परस्पर बदलू नका, पिष्ट एकदम घटलं की तोच डोस जास्त होऊन साखर धोकादायक खाली येते.

तीन ताटल्या वेगळ्या कशा ठेवायच्या

दिवसभर भरलेली ताटली उचला. ठरावीक वेळी वाढा, वीस मिनिटं द्या, उरलेलं झाका. बोका बाथरूममध्ये किंवा बाल्कनीत दार लावून, भाटी बेडरूममध्ये. पिल्लासाठी पुठ्ठ्याचं खोकं उपडं घाला आणि पिल्लू आत जाईल पण बोक्याचे खांदे अडकतील एवढंच भोक पाडा. पिल्लू वाढेल तसं नवं खोकं लागेल. भाटीचं ताट उंचावर ठेवून बोक्याला अडवण्याचा मोह टाळा. म्हाताऱ्या मांजरांचे सांधे बहुधा दुखरे असतात, उडी नको म्हणून ती जेवणच सोडते.

घरचं खाणं

उकडलेलं चिकन चालेल, पण दिवसाच्या कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत, म्हणजे चार किलोच्या मांजराला १५ ग्रॅमच्या आसपास. उकडलेलं पाणी फेकू नका, टॉरिन पाण्यात उतरतं. मीठ, कांदा, लसूण काहीही न घातलेलं हवं. कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणून रश्श्यातला तुकडा धुऊन देणंही नको. शिजवलेलं हाड नको, ते फुटून टोकदार होतं. काळीज आठवड्यातून एखादा लहान तुकडा पुरे, रोज दिलं तर ‘अ’ जीवनसत्त्व साचून मानेची हाडं जखडतात. कच्ची मासळी रोज नको, काही माशांतला घटक ‘ब१’ जीवनसत्त्व नष्ट करतो. बांगडा-तारलीसारखे तेलकट मासे कधीतरी, शिजवून आणि काटे काढून. सुकट खारट असते, ती वासापुरती चिमूटभर.

बदल आणि साठवण

नवं खाद्य पहिले दोन-तीन दिवस पाव, मग अर्धं, मग पाऊण, असं सात ते दहा दिवसांत आणा. शी पातळ झाली तर एक पायरी मागे या. दुकानात पोत्यातून सुटे विकतात ते दाणे घेऊ नका, तारीख कळत नाही आणि हवेने चरबी खवट होते. पावसाळ्यात महिन्यात संपेल एवढंच पाकीट आणा आणि पाकिटासकटच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, म्हणजे बॅच नंबरही हाताशी राहतो. उघडलेलं पाऊच फ्रिजमध्ये झाकून दोन दिवस. ताटलीत वाढलेलं ओलं खाणं उन्हाळ्यात अर्ध्या तासात उचला. मुंग्यांचा त्रास असेल तर परातीत बोटभर पाणी घालून मधोमध ताटली ठेवा. मुंगीपावडर किंवा खडू ताटलीच्या आसपासही नको, पंजाला लागलेलं मांजर चाटून पोटात घालतं.