घराचं काम चालू असताना आग कशी टाळायची

घराच्या दुरुस्तीत सगळ्यात धोक्याची वेळ म्हणजे कारागीर हात धुऊन निघून गेल्यानंतरचा पहिला तास. ग्रायंडरची ठिणगी भुशात किंवा चौकटीमागच्या फटीत पडली की लगेच ज्वाळा दिसत नाही. आत धुमसत राहते आणि हवा मिळाली की भडकते. म्हणून वेल्डिंग, ग्रायंडर, हॉट एअर गन (गरम हवेच्या झोताने रंग सैल करणारं यंत्र) ही कामं दिवस संपण्याच्या किमान एक तास आधी थांबवायला लावा, आणि तो तास कुणीतरी तिथे थांबलंच पाहिजे.

ठिणग्या 10-11 मीटरपर्यंत उडू शकतात, म्हणजे साध्या खोलीत कुठलाच कोपरा सुरक्षित नाही. भुसा झाडून घ्या, पडदे, पुठ्ठे, फोम बाहेर काढा. जे हलत नाही त्यावर पत्रा किंवा फायर ब्लँकेट टाका. प्लास्टिकचा कागद नको, तो स्वतःच पेटतो. पाइपसाठी पाडलेली भोकं ओल्या फडक्याने बुजवा आणि भिंतीच्या पलीकडे काय ठेवलंय तेही बघा, कारण पाइप तापला की उष्णता त्याच्यातून पलीकडे जाते. जुना रंग उतरवताना हॉट एअर गनची हवा 500-600 अंश सेल्सिअसपर्यंत तापते. लाकूड त्याच्या निम्म्या तापमानालाही पेटू शकतं. खिडकीच्या चौकटीमागे पोकळी असेल तर तिथे गन वापरूच नका, खरवडणी आणि पॉलिश पेपर पुरे.

आता तेलाच्या चिंध्या. याकडे सर्वांत कमी लक्ष जातं, म्हणून जरा सविस्तर. जवसाचं तेल किंवा ते घातलेलं लाकडाचं पॉलिश पाण्यासारखं उडून वाळत नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते घट्ट होतं आणि त्या क्रियेत उष्णता निघते. चिंधी पसरलेली असेल तर ही उष्णता निघून जाते. बोळा करून कोपऱ्यात टाकली तर आतल्या आत साठते आणि काही तासांत काडी न लावता चिंधी पेटते. अशा चिंध्या बाहेर, भिंतीपासून लांब, एकेक सुटी पसरून कडक होईपर्यंत वाळवा. नाहीतर झाकणाच्या लोखंडी डब्यात पाण्यात पूर्ण बुडवून ठेवा. कचऱ्याच्या पिशवीत कधीच नको. जुनं पॉलिश घासणाऱ्या मशीनची धुळीची पिशवीही रोज घराबाहेर रिकामी करा, ती धूळसुद्धा अशीच तापू शकते.

थिनरचा धोका वेगळा. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत शेजारच्या खोलीतल्या गॅस गीझरपर्यंत किंवा फ्रिजच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. लॅमिनेट चिकटवायचा रबरी गोंदही तसाच, उलट मोठ्या पृष्ठभागावर फासला की एकदम भरपूर वाफ सोडतो. गोंद उघडण्याआधी गॅस आणि गीझर बंद करा, फ्रिजचा प्लग काढा, खिडक्यांबरोबर बाहेरचं दारही उघडं ठेवा. वास भरलेला असताना कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका. साधा टेबलफॅनही नको, मोटरमधून ठिणगी उडू शकते.

एक्स्टेंशनचं रीळ पूर्ण उलगडून वापरा. बऱ्याच रिळांवर दोन आकडे असतात, गुंडाळलेल्या स्थितीतला भार उलगडलेल्यापेक्षा बराच कमी असतो. प्लग हाताला गरम लागला तर मशीन थांबवा. ड्रिलच्या बॅटऱ्या रात्रभर चार्जिंगला नकोत.

धुळीमुळे धुराचा अलार्म झाकला असेल तर संध्याकाळी झाकण काढा. दाराजवळ 4-6 किलोचं एबीसी पावडरचं (लाकूड-कापडासारख्या वस्तू, थिनरसारखे द्रव आणि गॅस अशा आगींवर चालणारं) अग्निशामक ठेवा. पावडर ज्वाळा विझवते, पण लाकूड आतून थंड करत नाही, म्हणून शेजारी पाण्याची बादलीही हवी. पेटलेल्या थिनरवर किंवा चालू विजेवर मात्र पाणी टाकू नका.

रात्री निघण्याआधी मेन स्विच बंद करण्यापूर्वी जिथे उष्णतेचं काम झालं तिथे हात फिरवा, वरची, खालची आणि पलीकडची बाजूही. भिंत किंवा चौकट कोमट लागली, जळका वास आला, तर वाट न बघता सगळ्यांना बाहेर काढून अग्निशमन दलाला बोलवा. पॅनल उचकटून बघू नका, आत हवा गेली की धुमसणारी आग भडकते.