३८ लाखांचं थंड मशीन आणि आमचा काटा

परभणीला फूड टेक करून गावाकडं हळद पावडरचं युनिट टाकायचं म्हणणारी बरीच पोरं विचारायलेत, दादा ते कोल्ड सेपरेशनचं मशीन घ्यावं का. घेऊ नका. मी बुकिंगचे दीड लाख देऊन बसलोय, त्यामुळं जळून बोलायलोय असं समजा हवं तर.

हे मशीन मुळात गांजासाठीचं. कॅनडात २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे, तिकडं लायसन असलेल्या युनिटात असली यंत्रं चालतात. गांजाच्या फुलावर बाहेरून बारीक देठावर चिकाचे गोळे असतात, त्याला ट्रायकोम म्हणतात. माल गारठवला की ते कडक होऊन तुटतात, मग हलवायचं न् चाळायचं. आपल्याकडं तो चीक वेगळा काढला की १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यानं ते चरस, म्हणून मशीन विकायला मला भेटलेल्या साहेबानं हळदीचं नाव पुढं केलं, हळदीला पिवळा रंग ज्यानं येतो ते "कर्क्युमिन वाढवतं" म्हणे.

आता बघा, तुळशीच्या, पुदिन्याच्या पानावर तेलाच्या ग्रंथी बाहेर असतात, तिथं हलवून काहीतरी निघंल तरी. हळदीचं कर्क्युमिन न् तेल गड्ड्याच्या आत, पेशीत. आणि कुठलंच मशीन कर्क्युमिन तयार करत नसतं, जेवढं शेतातून आलं तेवढंच. हे मी कॉलेजात शिकलेलो, तरी डेमोला पिवळाधमक रंग बघून डोकं बंद पडलं.

डेमोत हळद त्यांचीच. भरडली, गारठवली, चाळली, खालची पावडर डबीत भरून लॅबचा कागद हातात दिला, ५ टक्के कर्क्युमिन. मी सही केली. घरी आल्यावर आमचे अण्णा डबी हातात फिरवत म्हणले, "अन् चाळणीवर राहिलेलं कुठं गेलं रे?" मी गप.

मग दुसऱ्यांदा गेलो ते आमच्या वसमतच्या सेलम जातीच्या हळदीची १० किलो हळकुंडं न् घरचा काटा घेऊन. आधी आमच्या मालाची टेस्ट एनएबीएलची मान्यता असलेल्या बाहेरच्या लॅबमधून केली, ४ टक्के. म्हणजे १० किलोत ४०० ग्रॅम कर्क्युमिन. चाळणीखाली आलं १ किलो २०० ग्रॅम, तेही ५ टक्क्यांचंच, म्हणजे ६० ग्रॅम. कागद खोटा नव्हताच! पण ३४० ग्रॅम कर्क्युमिन वर राहिलेल्या भरडीत अडकलं, आणि ती भरड कोण घेणार, कोणत्या भावानं, हे साहेबाला विचारलं तर त्यानं चहा मागवला. टक्का बघू नका, वजन गुणिले टक्का करा, आत टाकलेलं न् बाहेर आलेलं, चाळणीवरचं, खालचं, ड्रमला चिकटलेलंसुद्धा झाडून काट्यावर ठेवा. हे मी दहा वेळा सांगंन, कारण दीड लाख ह्याच्यातच गेले.

माल गारठवायला जे लिक्विड नायट्रोजन लागतं, त्याचं तर कोणी बोलतच नाही. जनावराच्या डॉक्टरकडं रेतनाच्या कांड्यांचा कंटेनर बघितलाय ना, तेच ते, उणे १९६ डिग्री. वापरा नाहीतर नका वापरू, रोज उडून कमी होतंच. एक लिटरचा जवळपास ७०० लिटर गॅस होतो, त्याला वास नाही, बंद शेडमध्ये माणूस कळायच्या आत पडतो.

सबसिडीवर पण उड्या मारू नका. पीएमएफएमई ह्या केंद्राच्या छोट्या खाद्य उद्योगांच्या योजनेत ३५ टक्के खरं, पण मर्यादा १० लाख. ३८ लाखांत तुमचा वाटा न् बँकेचं कर्ज धरून २८ लाख तुमच्याच बोकांडी. आणि ते पैसे घेऊन फोनवर मार्गदर्शन करणारे मेंटॉर, त्यांना कमिशन किती ते आधी विचारा. मला तर मोंढ्यातल्या हमालमामांनी जास्त शिकवलं, हळकुंड मोडून आवाजावरनं ओल सांगतात.

घाबरू मात्र नका. अन्न सुरक्षेचे नियम ठरवणाऱ्या एफएसएसएआयला पावडरीत ओल १० टक्क्यांच्या आत न् कर्क्युमिनॉइड (कर्क्युमिन न् त्याचे भाऊबंद) किमान २ टक्के लागतात, आपला सेलम त्यात आरामात बसतो. साधा पल्व्हरायझर, म्हणजे दळायचं मशीन, घ्या, उन्हाळ्यात पहाटे चारला दळा, मशीन तापलं की थांबवा, म्हणजे तेल फार उडत नाही. मी सध्या असंच करायलोय, हप्ता निघतो.

तरी कोणाला डेमोला जायचंच असेल तर जा, सही करू नका, आणि जाताना आमचा काटा घेऊन जा, तसाही तो ओसरीवर पडूनच असतो.